खालचा डोळा

"वहिनी, जरा बाजूला व्हा. दिवा तेवढा राहू द्या, तुम्ही भिंतीकडे सरका."

पोतनीसांनी हे अगदी हलक्या आवाजात म्हटलं. फांदीवरचं पाखरू उडू नये म्हणून माणूस बोलतो तसं. मी भिंतीकडे सरकले.

कुंडाच्या तिसऱ्या पायरीवर रतन उभी होती. नुकतीच न्हाऊन वर आलेली. ओलं लुगडं अंगाला लपेटलेलं, केस पुढे घेऊन दोन्ही हातांनी पिळत होती. तिची डावी बाजू आमच्याकडे होती आणि त्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. पोतनीस दारातून आत आले, त्यांनी तीन पायांचा स्टँड दगडावर खडखडत टेकवला, माझ्याशी बोलले, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिच्या लेखी कुंडावर ती आणि मी अशा दोघीच होतो.

"अशाच राहा ताई, अशाच," ते पुटपुटले आणि कॅमेऱ्यावर वाकले.

कार्तिकातली पहाट होती. बाहेर दात वाजतील अशी थंडी, आणि आत कुंडाच्या कढत पाण्याची वाफ छपराच्या कौलांपर्यंत चढलेली. पूर्वेच्या दारातून नुकतं तांबडं येऊ लागलं होतं.

पोतनीस वाकून बघत होते, मग त्यांनी "च्च" केलं. खिशातून रुमाल काढला. कॅमेऱ्याची वरची काच गोल गोल पुसली, पुन्हा वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

खालची काच त्यांनी पुसली नाही.

मी भिंतीला टेकून उभी होते. तिथून मला ती काच समोर दिसत होती. मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखी पांढरी झाली होती ती.

मी काही बोलले नाही.

*

आधी थोडं सांगायला हवं.

आमच्या गावात उन्हाळं आहे, म्हणजे गरम पाण्याचा झरा. दगडी कुंड, वर कौलारू छप्पर, शेजारी उन्हाईचं देऊळ. आम्ही तिथले गुरव. आमच्याकडे म्हणतात की पहाटे उन्हाई कुंडात न्हाते आणि तिला कुणी पाहू नये म्हणून पाणी वाफेचा पडदा धरतं. म्हणून कुंडावरचा दिवा गुरवाच्या सुनेनं लावायचा, आणि उठल्यापासून तो लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मी या घरात आले ती सतराव्या वर्षी. सासूबाईंनी काडेपेटी हातात दिली आणि सांगितलं, "अनसूये, हे व्रत सोपं हाय. फक्त गप ऱ्हायचं. पन गप ऱ्हायचं म्हंजे काय, ता तुला हळूहळू कळात." पुढे मी आणखी एक नेम माझा माझा धरला. खोटं बोलायचं नाही. तो कुणी सांगितला नव्हता. दिवा लावणाऱ्या तोंडाला तेवढं तरी हवं, असं मला वाटलं.

रतन आली ती आदल्या वर्षीच्या श्रावणात. सकाळच्या एसटीतून एकटी उतरली. हातात पिशवी नाही, पायात वहाण नाही, पदर डाव्या कानावर घट्ट धरलेला. पदराला रक्त होतं. इथल्या पाण्यानं जखम बरी होते असं कुणीतरी एसटीत सांगितलं, म्हणून उतरली, एवढंच म्हणाली. जखम बरी झाली. कान गेला तो गेलाच.

आठ दिवसांनी तिनं मला सगळं सांगितलं. घाटावरचं गाव, नवऱ्याचं गुऱ्हाळ. गुळाला उतार कमी आला तरी मार, पाव्हण्यांसमोर हसली तरी मार.

"मागल्या येळंला त्यानं वडून आणायला मान्सं धाडली हुती म्हायेराला," ती म्हणाली. "माझ्या बानं ह्या येळंला बी दिलं असतं मला परत. म्हनून म्हायेराला गेलेच न्हाई. काकी, त्येला कळलं ना मी कुटं हाय ते, तर ह्यो दुसरा कान न्हाई, जीवच घील."

"नाव काय त्याचं?"

तिनं मान हलवली. एवढं होऊनही नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून येईना. "उजव्या हाताचं येक बोट न्हाई त्येला," ती म्हणाली. "करंगळीजवळचं. चरकात गेलं. तवापासनं तर लईच चिडका झाला. वळखायचं तर तसं वळखा."

मी तिला धर्मशाळेच्या झाडलोटीवर ठेवून घेतलं. आमच्या यांना म्हटलं, "माझी मानलेली भाची आहे." मानलेली म्हणजे मी त्या क्षणी मानलीच होती, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

पोतनीस पुण्याहून आले ते एका छापखान्याच्या कॅलेंडरसाठी. कोकणातल्या देवस्थानांचे बारा फोटो हवे होते. भला माणूस. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, बोलताना सारखा चष्मा वर सारायचा. आदल्या संध्याकाळी दीपमाळेचा फोटो काढून आमच्या ओटीवर चहा घेत बसले होते. त्यांचा कॅमेरा मी कधी पाहिला नव्हता तसला. उभी पेटी, तिला समोरून दोन काचा, एकावर एक.

"दोन डोळे कशाला हो याला?" मी विचारलं.

त्यांना आवडलं ते. पेटीचं वरचं झाकण उघडून त्यांनी मला आत बघायला लावलं. तुळशीवृंदावन दिसत होतं, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

"वरचा डोळा माझ्यासाठी. मी बघतो तो यातून. फोटो मात्र खालचा काढतो."

"म्हणजे वरच्याला दिसतं ते खालच्याला दिसलं नाही तर?"

"मग बोंबललं सगळं," ते हसले. "शिकाऊ पोरं करतात तसं. खालच्यावरचं झाकण काढायलाच विसरतात. पूर्ण लग्न उरकतं, आणि फोटो काळेकुट्ट."

रात्री कॅमेरा घरात ठेवा असं आमचे हे म्हणाले, तर ते म्हणाले, "नको, कुंडाजवळच्या घरात ओल असणार. काचेला ओल वैरीण. जीपमध्येच बरा." रात्रभर तो जीपमध्ये थंडीत गारठला आणि पहाटे थेट वाफेत आला.

*

तर ते वाकले होते. बोट खटक्यावर होतं.

"रोलमधला शेवटचाच उरलाय," ते स्वतःशीच म्हणाले. "एकच. पण हा असा मिळाला तर बाराच्या बारा गेले तरी चालतील."

रतननं केस पाठीवर टाकले. डोकं किंचित वर केलं. एक बाजू आता पुरती उजेडात आली. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. मी तिला सव्वा वर्ष रोज बघत होते. पण कॅलेंडरवर हा चेहरा छापला गेला तर तो कुठे कुठे टांगला जाईल, हे मला त्या क्षणी एकदम दिसलं. एसटी स्टँडवर. न्हाव्याच्या दुकानात. घाटावरच्या एखाद्या गुऱ्हाळाच्या कुडाला.

माझ्या पायाखालचा दगड गरम होता आणि तळवे गार पडले होते. दिव्याची वात तडतडली. पोतनीस श्वास धरून होते, मीही.

खट्.

एवढाच आवाज. मग ते सरळ झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा!"

ते मात्र रतनला ऐकू गेलं. ती गर्रकन वळली. आधी पुरुष दिसला, मग कॅमेरा. तिच्या हातातली कळशी पायऱ्यांवरून ठणठणत पाण्यात गेली. तोंडावर पदर ओढून ती मागच्या दारानं पळाली.

"अहो ताई! अहो, मी काही... वहिनी, घाबरल्या का त्या?"

मी मान हलवली.

"सांगा त्यांना, फोटो छापून आला की एक प्रत पाठवीन. नाव काय त्यांचं? खाली नाव टाकतो ना." असं म्हणत त्यांनी स्टँडवरून कॅमेरा काढला, खालच्या काचेचं झाकण लावायला गेले, आणि थांबले.

बराच वेळ ते त्या काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"अरे देवा," ते म्हणाले. आणि तिथेच ओल्या पायरीवर बसले. "वीस वर्षं. वीस वर्षं हा धंदा करतोय. वरची पुसली आणि खालची... शिकाऊ पोरासारखा..."

तेवढ्यात आमचे हे फुलांची परडी घेऊन आले. "काय झाला साहेब? पाय घसरला काय?"

"फोटो गेला हो. काच धुरकटली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काकुळतीनं. "वहिनी, तुम्ही समोरच होतात. तुम्हाला काल दाखवलं होतं मी. दिसलं नाही का तुम्हाला?"

मी मान खाली घातली.

"ती कशी सांगणार, साहेब," हे म्हणाले. "तिचा मौन असता. कुंडावर दिवा लागेपर्यंत शब्द काढायची नाय ती. एकदा पायावरून इंचू गेला तरी हूं की चूं केलान नाय."

"मौन," पोतनीस म्हणाले. मग थोडं हसले, चष्मा वर सारला. "मग काय बोलणार. माझंच नशीब. देवीनं पडदा धरला म्हणायचं."

दुसरा रोल त्यांच्याकडे नव्हता. पुण्याला परतायला जीप दारात उभी होती. जाताना त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "रोल धुतो तरी. काय निघेल ते निघेल."

*

घरी आले तर रतन लुगड्याची घडी बोचक्यात कोंबत होती.

"बाराची यष्टी हाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघेना. "कुटं जाऊ ते म्हाईत न्हाई. पन हितं आता न्हाई."

"रतन, ऐक."

"तुम्ही बघत हुता, काकी! मान्सानं फोटू काढला माजा आन् तुम्ही भितीला टेकून बघत हुता. येक हाक मारली असती तर? आं? येक हाक?"

"त्या फोटोत तुझं तोंड यायचं नाही."

"तुम्हांस्नी काय कळतंय त्यातलं?"

"खालचा डोळा वाफेनं आंधळा झाला होता. फोटो त्यानंच निघतो. त्यांनी मला काल दाखवलंय."

ती थांबली. माझ्या डाव्या बाजूला आली, चांगला कान माझ्याकडे करून. "म्हंजे तुम्हाला दिसत हुतं?"

"दिसत होतं."

"आन् तुम्ही त्येस्नी बोलला न्हाईत?"

 चुलीवर भात उतू जात होता, तो उतरवला.

ती गेली नाही. पण त्यानंतर वर्षभर दाराशी गाडी थांबली की ती मागच्या पडवीत जायची. मला रोज वाटे की आज पोतनीसांचं पाकीट येईल आणि त्यातून रतनचं कपाळ, नाक, ओठ, हनुवटी बाहेर पडेल. काच आंधळी होती, पण किती? पूर्ण? की वाफ जराशीच बसली होती? हे मला कुठे ठाऊक होतं. मी एका पांढऱ्या ठिपक्यावर एका बाईचा जीव टाकला होता. पोथीचा अध्याय वाचताना ओळी चुकू लागल्या. तशी मी कधी चुकले नव्हते.

पाकीट पुढच्या दिवाळीत आलं. त्यात कॅलेंडर होतं, आणि पत्र. पोतनीसांनी लिहिलं होतं की तो फोटो धुऊन पाहिला आणि ते दोन दिवस जेवले नाहीत, इतका तो वेगळा निघाला. आयुष्यभर ठरवून कधी जमलं नसतं ते एका चुकीनं जमलं. छापखान्यानं तोच पहिल्या पानावर घेतला.

मी पान उघडलं. आधी काही कळेना. सगळीकडे दुधाळ उजेड. दार म्हणजे नुसता सोनेरी पाट. दिव्याची ज्योत केवढीतरी मोठी, भोवती तांबूस कडं. आणि मध्ये एक उभी बाई. बाई म्हणजे बाईचा आकार. केस काळ्या धारेसारखे, तोंडाच्या जागी फक्त प्रकाश. नाक नाही, ओठ नाहीत. त्या आकाराला कडाच नव्हत्या. वाफेतून आत्ता घडतेय की वाफेत विरतेय, सांगता येईना.

खाली छापलं होतं : 'उन्हाई'.

आमच्या यांनी तो हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "न्हाते ती," ते म्हणाले. "दिसली. आमच्या सात पिढ्यांत कोणाला दिसली नाय." ते पान त्यांनी चौकटीत बसवून घेतलं आणि देवळाच्या मंडपात लावलं. आठ दिवसांत त्याला हार चढू लागले. मी त्यांना सांगणार होते की ही आपली रतन आहे. रोज सांगणार होते. पण हे कुंकू लावून त्याला नमस्कार करायचे तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून माझे शब्द मागे जायचे. रतननं ते पान दुरून एकदा पाहिलं, "माजं तोंड न्हाई ना?" एवढंच विचारलं, आणि पुन्हा कधी त्याच्याजवळ गेली नाही.

*

माघ महिना. दुपारचे दोन वाजले असतील. हे तालुक्याला गेले होते. मी मंडपात वाती वळत बसले होते. मंडपाच्या मागच्या भिंतीला लागून पडवी, आणि पडवीत रतन चिंच लावून समया घासत होती. तिच्या घासण्याचा आवाज भिंतीतून येत होता.

एक माणूस पायऱ्या चढून आला. तिशीचा, अंगानं भरलेला, डोक्याला टोपी, काखेत गुंडाळी, हातात नारळ. त्यानं वहाणा खाली काढल्या.

"मावशी, देवी परगट झाली ती हितंच न्हवं?"

"उन्हाईचं देऊळ हेच."

"आमच्या गुऱ्हाळात लावलंय बगा हे क्यालेंडर," तो गुंडाळी उलगडत म्हणाला. "रोज उदबत्ती लावून मग चुलाण पेटवतो. गुळाला काय उतार पडलाय यंदा! मनलं, जाऊन डोळ्यांनी बगावी." मग त्याला भिंतीवरची चौकट दिसली. "हितं बी हाय की!"

त्यानं नारळ खाली ठेवला आणि चौकटीपुढे हात जोडले.

मी बोटं मोजली. उजव्या हाताची करंगळी होती. तिच्याजवळचं बोट नव्हतं.

माझ्या मांडीवरून वाती घरंगळल्या. भिंतीमागे घासण्याचा आवाज चालूच होता, खर्र खर्र. त्याच्या आणि तिच्यामध्ये एक मातीची भिंत आणि एक फळ्यांचं दार होतं. दाराला कडी नव्हती.

"मावशी, कौल लावायचाय," तो म्हणाला. "नवस बी बोलायचाय."

"गुरव तालुक्याला गेलेत. संध्याकाळी येतील."

"मग थांबतो की."

तो तिथेच खांबाला टेकून बसला. टोपी काढून घाम पुसला. "बायकू पळाल्या माजी," तो म्हणाला. "अडीच वर्सं झाली. रतन नाव तिचं. कुटं शोदायचं ऱ्हायलं न्हाई. हिकडं आली हुती का अशी कोन परकी बाई? डाव्या कानानं जरा बहिरी हाय."

भिंतीमागचा आवाज थांबला.

"जन्मापासून बहिरी?" मी विचारलं. 

"न्हाई, तसं न्हाई..." तो चुळबुळला. "पन आल्ती का?"

सरळ प्रश्न. दोनदा विचारलेला. 'नाही' म्हटलं की संपलं. दोन अक्षरं. ती माझ्या जिभेवर आली आणि तिथेच थिजली. बावीस वर्षांचा नेम. हो म्हणणं तर शक्यच नव्हतं. गप्प बसले असते तर त्यानं गप्प बसण्याचा अर्थ लावला असता. मला वाटतं, तो लावण्याइतका हुशार होता. तो माझ्याकडे रोखून बघू लागला होता.

मी उठले. म्हटलं, "देवीच्या दारात येऊन माणसाला काय विचारता? कौलाला वेळ आहे. गाऱ्हाणं तर घाला तोवर. आमच्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात नाही घालत. मोठ्यानं घालायचं, आणि आधी चूकमाक सांगायची, मग मागणं."

ही आमची खरीच रीत आहे. त्यात मी काही रचलं नाही.

तो उठला. पुन्हा चौकटीपुढे उभा राहिला. नऊ बोटं जोडली.

"आई उन्हाई," त्यानं सुरुवात केली, "काय चूकमाक झाली आसंल तर पदरात घे..."

"कोणती, ते सांगायचं असतं," मी म्हटलं.

त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळाची शीर फुगली होती. मला वाटलं, हा आता उठवेल हात. पण पुढे चौकट होती, हार होता, उदबत्ती होती. तो पुन्हा वळला. त्या तोंड नसलेल्या उजेडाकडे बघत उभा राहिला. मंडपात फक्त कुंडाच्या पाण्याचा बुडबुड आवाज.

"कान मी फोडला तिचा," तो म्हणाला. एकदम बारीक आवाज होता. "मुसळानं. चहात साखर कमी पडली हुती."

भिंतीमागे काहीही हललं नाही.

"धा मान्सात हसली म्हनून चटकं दिलं. पोटावर बी... पोटुशी हुती तवा."  त्यानं जोडलेले हात कपाळाला लावले. "चुकलं. आई, चुकलं. येवडी येक बार तिला माज्यापुढं आण. हितं, अशी समोर आण. साडीचोळी करीन तुजी. बोट लावनार न्हाई तिला. फुलावानी ठेवीन."

माझे डोळे ओले झाले, हे मी लपवत नाही. क्षणभर मला वाटलं, दार उघडावं. मी दाराकडे बघितलंही.

"आन् आली का मग," तो पुढे म्हणाला, त्याच दमात, अगदी सहज, जसं रोज बोलत असेल तसं, "पुन्यांदा उंबरा वलांडू दे तरी, तंगडंच मोडून ठेवतो रांडचं."

म्हटलं आणि त्याला ते ऐकू आलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं झटक्यात चौकटीकडे पाहिलं आणि दोन्ही गालांवर फाडफाड मारून घेतलं. "न्हाई, न्हाई आई, जीभ घसरली, न्हाई..." तो माझ्याकडे वळला. पांढराफटक पडला होता. "मावशी, हे बी ऐकलं आसंल तिनं?"

"मोठ्यानं बोललात," मी म्हटलं. "ऐकलंच."

"मग आता कौल उलटाच पडनार."

"ते मी कसं सांगू? मी नुसती दिवा लावणारी. पण थांबा ना, हे येतीलच संध्याकाळी. कौल लावून बघा."

तो चौकटीकडे बघत एक एक पाऊल मागे सरत होता. पाठ दाखवायची नाही म्हणून. "नगं," तो म्हणाला. "नगं कौल. न्हाई म्हनली तर काय तोंड घिऊन जाऊ? रोज उदबत्ती लावतोय मी तिला, मावशी. रोज." खाली वहाणा शोधताना त्याला त्या सापडेनात, समोर असून. "च्यारची यष्टी हाय ना?"

"आहे."

मी नारळ फोडला, अर्धी भकल त्याच्या हातात ठेवली. नऊ बोटांनी त्यानं ती घेतली, कपाळाला लावली आणि पायऱ्या उतरून गेला. तो वळणापलीकडे जाईपर्यंत मी उभी होते. त्यानंतरही एसटी गेल्याचा आवाज येईपर्यंत उभीच होते. तो पुन्हा कधी आला नाही. कॅलेंडर मात्र मंडपातच विसरून गेला.

*

फळ्यांचं दार करकरलं. रतन बाहेर आली. कोपरापर्यंत चिंचेनं काळवंडलेले हात, एका हातात अर्धवट घासलेली समई. ती थेट चौकटीपुढे जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ ती पहिल्यांदाच गेली होती.

"हिच्या पाया पडला त्यो," ती म्हणाली.

"हो."

"रोज उदबत्ती लावतोय म्हनं." तिला हसू फुटलं. खांदे हलू लागले, आणि मग ते हसू कधी रडणं झालं कळलं नाही. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं ती शांत झाली. नाक पुसलं तर गालाला चिंच लागली.

मग ती चौकटीच्या आणखी जवळ गेली. नाक काचेला टेकेल इतकी. बाईच्या आकाराकडे ती बघतच नव्हती. डाव्या कोपऱ्यात बघत होती.

"काकी."

"काय गं?"

"ह्यो कुंडावरचाच दिवा न्हवं? तुम्ही लावता त्यो?"

"तोच."

"लागलाय की ह्यात."

 याला आता अडतीस वर्षं झाली. हजारो माणसांनी ते पान पाहिलं. पोतनीसांनी पाहिलं, आमच्या यांनी तर रोज त्याला कुंकू लावलं, दिवा लागेपर्यंतच मी मुकी असते हे आख्ख्या गावाला पाठ. तो दिवा तिथे एवढा मोठा पेटलेला आहे, तांबूस कड्यासकट, हे रतनखेरीज कुणालाही दिसलं नाही.

हाक मारली असती तर ती वळली असती, सगळा चेहरा घेऊन. काच दाखवली असती तर पोतनीसांनी पुसली असती. बोलण्याची मुभा मला होती. मी ती घेतली नाही.

"काकी, म्हंजे तवा तुमचं मौन..."

"समई अर्धी राहिलीय," मी म्हटलं. "चिंच वाळली की डाग जात नाहीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समई घेऊन पडवीत गेली. थोड्या वेळानं भिंतीमागून पुन्हा आवाज सुरू झाला, खर्र खर्र. मी खाली बसले आणि सांडलेल्या वाती एक एक करून गोळा केल्या.